जैववैद्यकीय संशोधनाचे केंद्रीय अनुदान: खान्देशातील अर्ज नेमके कोठे अडतात

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांकडून मूलभूत जैववैद्यकीय संशोधनाचे जे प्रस्ताव दिल्लीला जातात, त्यांतील बरेचसे तज्ज्ञांच्या हाती पडण्याआधीच छाननीत बाद होतात. महाविद्यालयाच्या संशोधन कक्षाचे काम पाहताना हे मी वारंवार पाहिले आहे. विषय चांगला असतो आणि मेहनतही प्रामाणिक असते, पण एखादा कागद नसतो किंवा चुकीच्या माणसाच्या सहीचा असतो. हे लेखन त्या कागदांविषयी आहे.

निधीचे मुख्य स्रोत तीन आहेत: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, आणि 2023 च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, ज्याला आपण सर्ब म्हणत असू, ते आता याच फाउंडेशनमध्ये विलीन झाले आहे. त्यामुळे सर्बच्या नावाने असलेले जुने नमुने भरून पाठवण्यात अर्थ नाही. आयसीएमआरच्या लहान अनुदानाची मर्यादा 2 कोटी रुपये, तर मध्यम अनुदानाची 2 ते 8 कोटी रुपये आहे. प्रयोगशाळा नव्याने उभी करणाऱ्याने लहान अनुदानाकडेच पाहावे.

अनुदान आणि करार यांत गल्लत करू नये. सहायक अनुदानाला सामान्य वित्तीय नियम 2017 लागू होतात. ठरलेले काम ठरलेल्या मोबदल्यात करून देण्याचा करार ही संशोधन-सेवा ठरते आणि तेथे वस्तू व सेवा कराचा प्रश्न येतो. जीएसटी परिषदेच्या 9 सप्टेंबर 2024 च्या बैठकीनंतर विद्यापीठांना अनुदानातून केलेल्या संशोधन-सेवेवर करमाफी मिळाली, मात्र खासगी संस्थेच्या बाबतीत ती 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 35 खालील अधिसूचनेशी जोडलेली होती. ही अधिसूचना संस्थेकडे आहे की नाही, हे लेखा विभागाला आधी विचारून घ्यावे.

पात्रतेतील सर्वांत दुखरी अट नियमित नेमणुकीची आहे. मुख्य संशोधक संस्थेचा नियमित कर्मचारी असावा आणि प्रकल्प संपेपर्यंत त्याची सेवा शिल्लक असावी, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे कित्येक विभाग तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या जिवावर चालतात. पीएचडी झालेले, शोधनिबंध असलेले हे तरुण रात्र रात्र जागून प्रस्ताव लिहितात, आणि नेमणुकीच्या आदेशाची प्रत जोडण्याची वेळ आली की थांबतात. वर्षानुवर्षे पदे न भरणाऱ्या व्यवस्थेने याच मुलांकडे नियमित नेमणुकीचा आदेश मागावा, हे मला अन्यायाचे वाटते. तोवर मार्ग एकच: नियमित प्राध्यापक मुख्य संशोधक होतो आणि तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याला सहसंशोधक म्हणून घेता येईल का, हे त्या योजनेच्या अटींत पाहावे लागते. तसे जमत असेल, तर कामाची वाटणी प्रस्तावात स्पष्ट लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर राहू नये. अनुसूचित जाती-जमातीच्या संशोधकांसाठी फाउंडेशनचे समावेशक संशोधन अनुदान वेगळे आहे. नंदुरबारच्या प्राध्यापकांनी ते अवश्य पाहावे.

त्यानंतर येते संस्थाप्रमुखाचे समर्थनपत्र. ते प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीतील नमुन्याप्रमाणे, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवे. महाविद्यालयात संस्थाप्रमुख म्हणजे प्राचार्य आणि विद्यापीठ विभागात साधारणपणे कुलसचिव. विभागप्रमुखाची सही चालत नाही. एका सहकाऱ्याचा प्रस्ताव माझ्यासमोर परत आला, तेव्हा पत्रावर उपप्राचार्यांची सही होती, कारण प्राचार्य परगावी होते. सही निळ्या शाईत, शिक्का स्वच्छ, मजकूर अक्षर न् अक्षर बरोबर. केवळ ‘प्राचार्यांकरिता’ एवढ्या एका शब्दाने वर्ष गेले. अंतिम तारखेचा गोंधळही येथेच होतो. जाहिरातीतील तारीख ऑनलाइन अर्ज पूर्ण करण्याची असते, विद्यापीठात फाईल दाखल करण्याची नव्हे. फाईल टपालातून, टेबलावरून, सहीपर्यंत जायला जे दिवस लागतात ते त्या तारखेतून वजा करावेत आणि स्वतःची अंतिम तारीख किमान तीन आठवडे अलीकडे धरावी.

आता नैतिकता समिती, म्हणजे माणसांशी संबंधित संशोधन तपासून त्याला परवानगी देणारी समिती. रसायनशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणतात, ‘आम्ही रुग्णाला हात लावत नाही, आमचे काम परीक्षानळीत आहे.’ परंतु त्या नळीत माणसाचे रक्त असेल, मग ते रुग्णालयात तपासणीनंतर उरलेले का असेना, तर समितीची परवानगी लागते. संमतीची अट शिथिल करायची की नाही, हेही समितीच ठरवते, संशोधक नव्हे. नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम 2019 नुसार जैववैद्यकीय संशोधन पाहणाऱ्या समितीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे असावी लागते. औषध नियंत्रकांकडची नोंदणी औषधांच्या चाचण्यांसाठी असते आणि ती वेगळी. या दोन नोंदण्या एकच समजून पहिलीच्या जागी दुसरीचे प्रमाणपत्र जोडलेले अर्ज मी पाहिले आहेत.

विज्ञान महाविद्यालयात अशी समिती बहुधा नसते. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या संस्थेच्या समितीशी सामंजस्य करार करून तिच्याकडे जाता येते. तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; जाहिरात निघण्याची वाट न पाहता तेथे विचारणा करावी, कारण करारावर सह्या व्हायलाच महिने जातात. समितीत 7 ते 15 सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि गणपूर्तीसाठी किमान पाच सदस्य लागतात. कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक या जागा केवळ यादीत भरून भागत नाही. इतिवृत्तात वैद्यकीय व अवैद्यकीय दोन्ही प्रकारच्या सदस्यांची हजेरी दिसली पाहिजे. संशोधक स्वतः सदस्य असेल, तर त्याच्या प्रस्तावावर निर्णय होताना तो बाहेर गेल्याची नोंद हवी. बऱ्याच योजनांत समितीचे मंजुरीपत्र निधी सुटण्यापूर्वी दिले तरी चालते. ही सवलत म्हणजे समिती लागतच नाही, असा अर्थ काढणाऱ्यांचे मंजूर झालेले प्रकल्प अडकून पडतात.

नंदुरबारमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विषय साहजिकच पुढे येतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले आहे. अशा प्रस्तावात संमतीपत्राकडे माझे लक्ष आधी जाते. धडगावच्या पाड्यावरील बाईला प्रमाण मराठीतील दोन पानी संमतीपत्र दाखवून अंगठा घेतला, तर ती संमती नव्हे. पावरी किंवा भिलीत समजावून सांगण्याचा मजकूर तयार करावा, त्याचे दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मराठीत भाषांतर करून घ्यावे आणि दोन्ही समितीपुढे ठेवावेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या अंगठ्याजवळ निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. नमुने घेणारा तंत्रज्ञ तो साक्षीदार होऊ शकत नाही. 7 ते 18 वयाच्या मुलांची स्वतःची तयारीही पालकांच्या संमतीबरोबर नोंदवावी लागते. आश्रमशाळेत जायचे असेल, तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. मुख्याध्यापकांच्या होकारावर काम सुरू करू नये.

प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आणि प्राणीगृहाची चालू नोंदणी लागते, मुदत तपासावी. जनुकीय फेरफारांचे काम असेल, तर जैवसुरक्षा समिती हवी.

अंदाजपत्रकात उपकरणांची यादी लांबवण्यापेक्षा नमुना टिकवण्याचा खर्च लिहावा. मे महिन्यात 44 अंशांच्या उन्हात धडगावहून जळगावपर्यंत रक्त कोणत्या पेटीत, किती तासांत येणार आणि वीज गेल्यावर डीप फ्रीझर कशावर चालणार, हे दोन वाक्यांत लिहिलेले असले, तर काम करणाऱ्याने जागा पाहिली आहे हे तज्ज्ञाला कळते.

मंजुरीनंतरचा अडथळा हिशेबाचा. निधीसाठी संस्थेची पीएफएमएस या केंद्राच्या निधी-वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी लागते आणि पुढच्या हप्त्यासाठी सामान्य वित्तीय नियमांतील जीएफआर 12-ए या नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी कशावर खर्च झाला याचा दाखला. त्यात 31 मार्चपर्यंत प्रत्यक्ष झालेला खर्चच येतो. मागणी नोंदवलेले पण न आलेले यंत्र खर्चात धरता येत नाही. संस्थेतील दुसऱ्या कोणाचे जुने प्रमाणपत्र थकलेले असेल, तर नव्या संशोधकाचीही वाट अडू शकते. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच लेखा विभागात जाऊन मागील प्रकल्पांचे हिशेब बंद झाले आहेत की नाहीत हे पाहावे, आणि झालेले नसतील तर ते पूर्ण करण्याची लेखी विनंती प्राचार्यांकडे द्यावी, तिची पोच घेऊन.