‘फक्त रोख’ : एका पाटीची पार्श्वभूमी

आमच्या भागातल्या एका किराणा दुकानात गल्ल्यामागे दोन पाट्या एकीखाली एक लावलेल्या आहेत. वरची पत्र्याची, कडा गंजलेली, ‘आज रोख, उद्या उधार’ अशी. खालची वहीच्या कागदावर स्केचपेनने लिहिलेली, ‘फक्त रोख. ऑनलाइन बंद आहे.’ शब्द दोन्हींकडे तोच आहे, पाटीचा रोख मात्र बदलला आहे. पहिली पाटी उधारी मागणाऱ्याला उद्देशून होती. दुसरी आहे ती खिशातून पाकिटाऐवजी मोबाइल काढणाऱ्याला. या दुसऱ्या पाटीपुढे ग्राहकाचा हक्क काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना रुचणारे नाही. छोट्या दुकानात फोननेच पैसे देण्याचा हक्क भारतातल्या कोणत्याही केंद्रीय कायद्याने ग्राहकाला दिलेला नाही. याचे कारण असे की, पैसा स्वीकारण्याविषयीचा आपला कायदा नेमक्या उलट्या अडचणीतून घडत आला: दुकानदार सरकारी पैसा घेत नसे, किंवा घेतला तर बट्टा कापून घेई.

पेशवाईच्या काळात एकाच बाजारपेठेत अंकुशी, चांदवडी अशा निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी आणि म्हणून भावही वेगळा. नाणे पारखणारा पोतदार हा त्यामुळे व्यवहारातला आवश्यक माणूस होता. आज तो आडनावापुरता उरला आहे. ‘रोख’ देणे म्हणजे तेव्हा नुसते नाणे पुढे करणे नव्हे, तर ते कोणत्या दराने धरले जाणार यावर सराफाशी घासाघीस करणे होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा, सुमारे ११.६६ ग्रॅमचा चांदीचा रुपया ठरवला आणि नाण्यांचा हा गोंधळ हळूहळू कमी होऊ लागला.

नोटांची कथा याहून लांबली. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला; पण देशाची परिमंडळे पाडली होती आणि नोट ज्या परिमंडळाची, तिथेच ती वैध चलन मानली जाई. मुंबईची नोट घेऊन कलकत्त्याला गेलेल्या व्यापाऱ्याला तिथे कोणी नाही म्हटले, तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहत नसे. पाच रुपयांच्या नोटेला हे बंधन १९०३ मध्ये, ब्रह्मदेश वगळून, सुटले. दहा आणि पन्नासच्या नोटांना १९१० मध्ये आणि शंभराच्या नोटेला १९११ मध्ये. म्हणजे एकच नोट देशभर चालणे ही आपण गृहीत धरतो ती सोय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ ने ती पक्की केली: रिझर्व्ह बँकेची प्रत्येक नोट भारतात कोणत्याही ठिकाणी तिच्यावर लिहिलेल्या रकमेपुरती वैध चलन असेल आणि तिची हमी केंद्र सरकार देईल. नाण्यांसाठी आज २०११ चा नाणेविषयक कायदा लागू आहे. त्यानुसार एक रुपया व त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत आणि पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. दहा रुपयांचे नाणे खोटे असल्याच्या अफवा उठल्या, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला ‘या नाण्याच्या चौदाही नमुन्यांत ते वैध आहे’ असे जाहीर करावे लागले. त्यानंतरही कित्येक गावांत ते नाणे गल्ल्यावरून परत येत राहिले, यावरून कायद्यातली हमी आणि बाजारातला विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे दिसते.

‘वैध चलन’ याचा अर्थ मात्र अनेकदा ताणला जातो. ते देणे फेडण्याचे साधन आहे, आणि देणे निर्माण होण्याआधी दोन्ही पक्ष आपापल्या अटी ठरवू शकतात. दुकानात मांडलेला माल हे कराराच्या भाषेत खरेदीचा प्रस्ताव करण्याचे आमंत्रण असते. दुकानदार ‘पैसे असे द्या’ म्हणतो आणि ग्राहक ते मान्य करतो किंवा पुढच्या दुकानात जातो. १९३० च्या मालविक्री कायद्यातही वेगळे ठरलेले नसेल तर माल देणे आणि पैसे देणे या गोष्टी एकाच वेळी होतात, एवढेच गृहीत आहे. पैसे कोणत्या रूपात, याची सक्ती नाही. किराणा दुकानात हे सोपे आहे, कारण तेलाची पिशवी परत फळीवर ठेवता येते. खानावळीत तसे नसते. ताट संपलेले असते, हात धुतलेले असतात आणि ‘येथे ऑनलाइन पेमेंट घेतले जात नाही’ ही चिठ्ठी बडीशेपेच्या वाटीमागे पहिल्यांदाच दिसते. माझ्यावर एकदा ही वेळ आली, तेव्हा बरोबरच्या मित्राला तिथेच बसवून मी दोन चौक पलीकडच्या एटीएमपर्यंत गेलो होतो. देणे तर झालेलेच असते आणि ते फेडायला नोट पुरेशी आहे, हे कायदा सांगतो. नोट जवळ नसेल तर ग्राहकाने काय करावे, हे सांगत नाही. वाद झालाच तर अशा ठिकाणी अट आधी दिसेल अशी लावली होती की नाही, हा मुद्दा ग्राहकाच्या बाजूने जाऊ शकतो, असे मला वाटते.

ग्राहकाच्या हक्कांची वाट या सगळ्यापासून अलगच चालत आली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. त्या काळातली गाऱ्हाणी होती भेसळीची, मापात मारण्याची, साठेबाजीची. पैसे कसे द्यायचे हा प्रश्नच नव्हता. रोख किंवा महिन्याची उधारीची वही, याखेरीज तिसरा मार्ग सामान्य घराला ठाऊक नव्हता. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, तेव्हा त्यात नोंदले गेलेले हक्कही याच गाऱ्हाण्यांतून आले होते: वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत यांची माहिती, निवडीची संधी, तक्रार ऐकून घेतली जाणे. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला आणि ऑनलाइन खरेदी त्यात स्पष्टपणे आली, तरी पैसे देण्याच्या पद्धतीची निवड या यादीत आलेली नाही.

दरम्यान कार्डे आली होती. क्रेडिट कार्ड शहरातल्या मोठ्या दुकानांपुरते होते, पण एटीएमचे कार्ड दुकानात चालू लागल्यावर छोट्या व्यापाऱ्यालाही यंत्र ठेवावेसे वाटू लागले आणि बँक कापून घेई त्या शुल्काचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला. ‘कार्डाने दिलेत तर दोन टक्के जास्त’ हे वाक्य त्याच दिवसांतले, आणि खरे पाहता जुन्या बट्ट्याचेच नवे रूप. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१२ पासून डेबिट कार्डावरचे शुल्क दोन हजार रुपयांपर्यंत ०.७५ टक्के आणि त्यावर एक टक्का असे बांधून दिले. पाकीटबंद मालावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर कार्डाचे दोन टक्के चढवले की ती सरळ एमआरपीपेक्षा जास्त आकारणी होते आणि तिची तक्रार वैधमापन खात्याकडे करता येते. ही तक्रार फारसे कोणी करत नसे, कारण रोखीने दिले की दोन टक्के वाचत.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा, म्हणजे मूल्याने चलनातला सुमारे ८६ टक्के हिस्सा, वैध चलनातून गेला. ज्या कलम २६ ने नोटेला देशभराची हमी दिली, त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाचा आधार ती काढून घेताना घेण्यात आला. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत यूपीआयचा आरंभ झालेलाच होता. सुट्ट्यांची आणि नोटांची चणचण पाहून भाजीवालेही त्याकडे वळले. कार्डाच्या शुल्कावरून पेट्रोलपंपचालकांनी जानेवारी २०१७ मध्ये कार्डे न घेण्याचा इशारा दिला आणि लगेच पुढे ढकलला. सरकारने शेवटी १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवरचे शुल्क शून्यावर आणले.

त्याच सुमाराची एक तरतूद या विषयात सर्वांत जवळची आहे आणि सर्वांत कमी ठाऊक आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१९ मध्ये कलम २६९एसयू घालण्यात आले. ज्या व्यवसायाची आधीच्या वर्षातली उलाढाल पन्नास कोटी रुपयांहून जास्त, त्याने रुपे डेबिट कार्ड, यूपीआय आणि यूपीआयचा क्यूआर कोड या मार्गांनी पैसे घेण्याची सोय ठेवलीच पाहिजे. नाही ठेवली तर दिवसाला पाच हजार रुपये दंड. म्हणजे सक्ती आहे, पण ती मॉलमधल्या साखळी दुकानाला; कोपऱ्यावरच्या वाण्याला नाही. दुसऱ्या टोकाला, एप्रिल २०१७ पासून कोणालाही एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास बंदी आहे, त्यामुळे ‘फक्त रोख’ म्हणणाऱ्या सोनाराचा आग्रह त्या रकमेपाशी बेकायदा ठरतो.

मग ऑनलाइन घेणारी दुकाने पुन्हा रोखीकडे का वळू लागली? नेटवर्क आणि अडकलेले व्यवहार ही कारणे आहेतच. सायबर गुन्ह्यातला पैसा फिरत फिरत एखाद्या पंपावर पेट्रोल भरण्यात खर्च झाला की तपासात त्या पंपाचे खाते गोठवले जाते. या तक्रारीवरून विदर्भातल्या पंपचालकांनी १० मे २०२५ पासून डिजिटल पैसे न घेण्याचा इशारा दिला होता. पण मोठी लाट उठली ती जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत. कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या आणि चहाच्या टपऱ्यांपासून बेकऱ्यांपर्यंत ‘नो यूपीआय, ओन्ली कॅश’ असे कागद चिकटले. व्यापाऱ्यांशी झालेल्या बैठकीनंतर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जुनी थकबाकी वसूल करणार नसल्याचे सांगितले. वास्तविक मालविक्रीसाठी चाळीस लाख आणि सेवेसाठी वीस लाख रुपयांची नोंदणीची मर्यादा एकूण उलाढालीवर मोजली जाते. तिला रोख आणि यूपीआय असा भेद ठाऊक नाही. फरक इतकाच, की रोख दिसत नाही.

ग्राहकाचा संबंध इथेच येतो. बिल न देणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि त्या बिलावर विक्रेत्याचे नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख आणि मालाचे वर्णन हवे असे नियम सांगतात. ही तरतूद रोखीच्या विक्रीलाही तितकीच लागू आहे. कायद्यात ‘बिल किंवा कॅश मेमो’ असा उल्लेखच आहे. जीएसटीखाली नोंदलेल्या दुकानदाराला दोनशे रुपयांखालच्या किरकोळ विक्रीचे बिल न देण्याची सवलत आहे, पण गिऱ्हाईकाने मागितले की ती संपते. फोनने दिलेल्या पैशाची निदान बँकेत नोंद राहते. रोख दिले की ग्राहकाच्या हातात बिलाखेरीज काहीच उरत नाही, आणि बिघडलेला मिक्सर परत करायला गेल्यावर ‘हा आमच्याकडचा नाहीच’ हे ऐकावे लागते. हार्डवेअरच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडून ‘पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी लागेल’ असे सांगितले जाते. नोंदणी नसलेल्या दुकानदाराला जीएसटी आकारण्याचा अधिकारच नाही, नोंदणी असलेल्याला बिल न देता तो कर टाळण्याचा अधिकार नाही आणि एमआरपीच्या मालावर तर वेगळा जीएसटी मागताच येत नाही. त्या कागदाबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवता येते. पैसे फक्त रोखीने घेतले, एवढ्याच तक्रारीवर तिथे पुढे काही घडण्यासारखे नसते.