मुक्त प्रवेश : विद्यापीठाबाहेरील संशोधकांसाठी

संशोधनपत्रिकांतील लेख वर्गणी न भरता आंतरजालावर वाचण्याची, उतरवून घेण्याची आणि श्रेय देऊन पुन्हा वापरण्याची मुभा. इंग्रजी ‘ओपन ॲक्सेस’ला दिलेला हा पर्याय पूर्ण समाधानकारक नाही, कारण ‘प्रवेश’ म्हटले की मराठीत शाळा-महाविद्यालयात नाव घालणे आधी आठवते. ‘खुली उपलब्धता’ हा शब्द अधिक नेमका ठरेल.

आरंभ कोणता मानावा याबद्दल मतभेद आहेत. पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामॉस येथे सुरू केलेला भौतिकीचा लेखसंग्रह (पुढे ‘अर्काइव्ह’) काही जण पहिला टप्पा धरतात. मात्र त्यात तज्ज्ञांच्या परीक्षणापूर्वीचे लेखही ठेवले जात, त्यामुळे तो पत्रिकांना पर्याय नव्हे, असा आक्षेप आहे. लेखकांनी आपले लेख स्वतःच जालावर ठेवावेत, ही स्टीव्हन हार्नाड यांची सूचना १९९४ मधील आहे. डिसेंबर २००१ मध्ये बुडापेस्टला भरलेल्या बैठकीचा जाहीरनामा १४ फेब्रुवारी २००२ रोजी निघाला. संज्ञा व व्याख्या त्यातून रूढ झाल्या, म्हणून बहुतेक संदर्भग्रंथ हे वर्ष देतात. प्रथा मात्र त्याआधीची दिसते. ब्राझीलमधील ‘सायएलो’ या जालीय पत्रिकासंग्रहाने १९९८ च्या सुमारास सार्वजनिक निधीवर पत्रिका मोफत दिल्या होत्या. भारतीय परिस्थितीला हे उदाहरण अधिक जवळचे आहे.

मार्ग मुख्यतः तीन. ‘सोनेरी’ मार्गात पत्रिकाच लेख खुला करते आणि बहुधा लेखकाकडून शुल्क घेते. मोठ्या प्रकाशकांकडे ते हजार-दोन हजार डॉलरवरही जाते. ‘हिरव्या’ मार्गात लेखक स्वीकृत हस्तलिखित संस्थेच्या संग्रहात ठेवतो. ‘हिरा’ प्रकारात वाचक व लेखक दोघांनाही शुल्क नसते. पदरमोड करून काम करणाऱ्यास वाचनासाठी हिरवा मार्ग सर्वांत उपयोगी पडतो, पण त्याचीच माहिती कमी असते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका येतात. लाभ शासकीय उच्चशिक्षण संस्था व केंद्रीय संशोधन संस्थांना आहे. वाचकाची ओळख संस्थेमार्फत पटते, त्यामुळे गडचिरोलीतील ग्रामसभेचा अभ्यासगट, भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या नोंदी ठेवणारा कार्यकर्ता किंवा बोंडअळीचा हंगामवार हिशेब लिहिणारा यवतमाळचा कापूस उत्पादक यांना त्यातून काही मिळत नाही. ही उणीव गंभीर आहे. ज्या गावांवर लेख लिहिले जातात, त्याच गावांतील वाचकांपुढे वर्गणीची भिंत उभी राहते.

या भिंतीच्या परिणामाचे ठळक उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे. विवराचे वय उष्णतादीप्ती (थर्मोल्युमिनेसन्स) पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे निघाले होते. २०११ मध्ये आरगॉन पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे सांगितले गेले. आरगॉनचा निष्कर्ष अधिक भक्कम वाटतो, तरी वाद मिटलेला नाही. ज्याच्या हाती यांपैकी एकच लेख लागतो, तो एकच आकडा निःशंकपणे छापून मोकळा होतो.

शोध डीओआय, म्हणजे लेखाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक, यापासून करावा. तो 10 आणि टिंबाने सुरू होतो व इंग्रजी अंकांतच टंकावा लागतो. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ हे जोडण (एक्स्टेंशन) बसवल्यास खुली प्रत असलेल्या लेखाच्या पानावर हिरवे कुलूप दिसते. मोबाइलवर हे जोडण बहुधा चालत नाही. तेथे गूगल स्कॉलरमध्ये शीर्षक अवतरणचिन्हांत घालून लेखाखालील सर्व आवृत्त्यांचा दुवा उघडावा. हस्तलिखिताचे पृष्ठांक छापील लेखाशी जुळत नाहीत आणि तक्तेही क्वचित बदललेले असतात, म्हणून कोणती प्रत वाचली हे नोंदवावे. आज काहीच सापडले नाही तरी सहा किंवा बारा महिन्यांनी पुन्हा पाहावे, कारण खुली प्रत ठेवण्यावर अनेक प्रकाशक तेवढी मुदत घालतात. शेवटी पत्रव्यवहारासाठी नमूद केलेल्या लेखकाला लिहावे. जुना ईमेल बंद पडला असल्यास ‘ऑर्किड’ या संशोधक-ओळख क्रमांकाच्या नोंदीवरून त्याची सध्याची संस्था कळू शकते. ‘जेस्टोर’ या पत्रिकांच्या जालीय संग्रहात वैयक्तिक नोंदणी केल्यास दर ३० दिवसांत १०० लेख जालावरच वाचता येतात; ते उतरवता येत नाहीत.

प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हा भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा खुला जालीय संग्रह पाहावा. प्रकरणे बहुधा वेगळ्या पीडीएफ धारिकांत असल्याने मंद नेटवर्कवर हवे तेवढेच प्रकरण घेता येते. मराठी प्रबंधांत मात्र मोठी अडचण आहे. अनेक प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. डोळ्यांना अक्षरे बरोबर दिसतात, पण आत साठवलेली चिन्हे वेगळी असतात. त्यामुळे ‘मालगुजारी’ असा शोध घेतल्यास काहीच सापडत नाही व नक्कल केल्यास अर्थहीन मजकूर उमटतो. अशा वेळी मार्गदर्शकाचे नाव, विद्यापीठ आणि रोमन लिपीतील शीर्षक यांवरून शोधावे.

स्वतःचे लेखन प्रसिद्ध करताना आयएसएसएन क्रमांकावर विसंबू नये. तो केवळ नोंदणीचा क्रमांक असून दर्जाची हमी नव्हे. २००३ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठात सुरू झालेल्या ‘डोआज’ या खुल्या पत्रिकांच्या सूचीत पत्रिका आहे का, हे आधी तपासावे. शुल्कमाफीची विनंती लेख पाठवतानाच करावी. स्वीकृतीनंतर ती सहसा ग्राह्य धरत नाहीत. ग्रामसभेच्या मोजण्या किंवा पावसाच्या नोंदी ‘झेनोडो’ या खुल्या जालीय संग्रहात विनाशुल्क ठेवल्यास त्यांना डीओआय मिळतो व संस्थेचे नाव लागत नाही. तेथे परीक्षण मात्र होत नाही, आणि प्रसिद्ध केलेली नोंद सहज मागे घेता येत नाही. वनौषधींची नेमकी ठिकाणे किंवा रुग्णांची ओळख कळेल असे रकाने म्हणूनच आधी काढून टाकावेत.

जालावर न आलेले मराठी वार्षिकांक व अधिवेशनांचे वृत्तांत ग्रंथालयातच पाहावे लागतात. खासगी अभ्यासासाठी वाजवी प्रमाणात प्रत करण्यास प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. पानांची छायाचित्रे घेताना मुखपृष्ठ, वर्ष-अंक दर्शविणारे पान व अनुक्रमणिकाही टिपावी. त्यांवाचून संदर्भ पूर्ण करता येत नाही.