मूळ गाव कोणते? : इंग्लंडमधल्या कष्टकरी पूर्वजाचा शोध आणि त्यामागच्या नोंदवह्या

इंग्लंडमध्ये १८४१ साली झालेल्या जनगणनेत माणसाच्या जन्मस्थानासाठी दोनच अरुंद रकाने होते. हा माणूस याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्मला का, याचे उत्तर पहिल्या रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका अक्षरात लिहायचे. आणि तो स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशात जन्मला असेल तर दुसऱ्या रकान्यात त्याचे आद्याक्षर घालायचे. लँकेशरमधल्या एखाद्या गिरणीच्या गावात राहणाऱ्या हातमागवाल्याचे मूळ शोधू पाहणाऱ्या वंशजाच्या हाती त्या वर्षापुरते एवढेच लागते. वयही पंधरा वर्षांच्या पुढे असेल तर पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहावे, असा आदेश होता, त्यामुळे चौतीस वर्षांचा माणूस कागदावर तीस वर्षांचा दिसतो. दहा वर्षांनी, ३० मार्च १८५१ रोजी, प्रत्येकाचा जन्म कोणत्या पॅरिशमधला, म्हणजे कोणत्या चर्चच्या कक्षेतल्या मुलखातला, आणि कोणत्या काउंटीतला, हे प्रथमच स्पष्ट विचारले गेले. म्हणजे जो मजूर १८५१ च्या वसंतापर्यंत जगला, त्याचे गाव त्याच्याच तोंडून कळण्याची शक्यता राहिली. जो त्याआधी गेला, त्याच्यासाठी चर्चच्या वह्या आणि गरिबांच्या मदतीचे कागद एवढाच आधार उरतो.

कष्टकरी माणसाच्या बाबतीत या सर्व साधनांविषयी एक गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते. जमीनदाराकडे खरेदीखते असतात, व्यापाऱ्याकडे मृत्युपत्र असते, सरदार घराण्याकडे वंशावळ असते. हे कागद त्यांनी आपल्यासाठी आणि आपल्या वारसांसाठी करून ठेवलेले असतात. मजुराची नोंद मात्र नेहमी दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी केलेली असते. तो रकाना कोणी आणि कशासाठी आखला हे कळल्याशिवाय त्यात लिहिलेले उत्तर नीट वाचता येत नाही.

यातली सर्वांत जुनी वही पॅरिशची. वसई आणि गोव्याकडच्या वाचकांना हा शब्द घरचाच आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी, ती दर रविवारी भरावी आणि दोन कुलपांच्या पेटीत जपावी. हा नव्या कराचा डाव असावा, अशी शंका लोकांनी तेव्हाच घेतली होती. सुरुवातीच्या वह्या बहुतेक साध्या कागदाच्या होत्या. १५९८ पासून त्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा नियम आला आणि विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदी उतरवाव्यात, असे त्यात म्हटले होते. अनेक धर्मगुरूंनी त्या ‘विशेषतः’चा आधार घेऊन त्याआधीची पाने सोडून दिली, आणि म्हणूनच कितीतरी पॅरिशच्या वह्या नेमक्या १५५८ पासून सुरू होतात. त्याच वेळी दर वर्षीच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे पाठवायची पद्धत पडली. मूळ वही ओलीने किंवा उंदरांनी गेली असेल तिथे आज हीच प्रत कामाला येते.

या नोंदी आखूड असतात. ‘अमुकचा मुलगा तमुक’ एवढेच, अनेकदा आईच्या नावाशिवाय. १७३३ पर्यंत त्या लॅटिनमध्येही असू शकतात, आणि १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या नोंदी आपल्या हिशेबाने एक वर्ष मागे पडलेल्या दिसतात. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीवर वधूवरांनी आणि साक्षीदारांनी सही किंवा खूण करणे सक्तीचे झाले. सहीच्या जागी काढलेली फुली म्हणजे त्या माणसाने स्वतःच्या हाताने मागे ठेवलेली बहुधा एकमेव खूण असते, आणि ती पाहताना मन हलल्याशिवाय राहत नाही. १७८३ मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. निर्धनांना त्यातून सूट होती. म्हणून १७८३ ते १७९४ या काळात पूर्वजाच्या नावापुढे निर्धन असल्याची खूण दिसली, तर ती त्याच्या स्थितीचा पुरावा असेल किंवा कनवाळू धर्मगुरूने वाचवलेले तीन पेन्स असतील. कर रद्द झाल्यावर तीच खूण एकाएकी विरळ झाली असेल, तर दुसरा अर्थ खरा मानायला जागा आहे.

याच सुमारास यॉर्कमध्ये विल्यम डेड नावाचा एक धर्मगुरू होऊन गेला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांची नावे, वडिलांचा धंदा, राहण्याचे ठिकाण आणि शक्य तर आजा-आजीचेही नाव व गाव लिहावे, अशी त्याची पद्धत होती. १७७७ मध्ये यॉर्कच्या आर्चबिशपने ती आपल्या प्रांतात चालवायचे ठरवले. मोठ्या पॅरिशना ते लिखाण झेपले नाही आणि पुष्कळ ठिकाणी ते लवकरच बंद पडले. तरीही ज्याचा पूर्वज योग्य वर्षी योग्य पॅरिशमध्ये जन्मला, त्याला एका शेतमजुराच्या तीन पिढ्या एका ओळीत मिळतात. १८१२ च्या कायद्याने देशभर छापील वह्या आणल्या आणि १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांच्या धंद्याचा रकाना कायमचा आला. विणकर, खाणकामगार, खिळे ठोकणारा, मजूर: कष्टकरी माणूस या वहीत प्रथमच आपल्या कामासह दिसू लागला. डेडच्या वहीतले आजा-आजी मात्र त्या छापील नमुन्यात बसले नाहीत.

माझ्या मते कष्टकऱ्याच्या मुळाचा सर्वांत बोलका पुरावा बाप्तिस्म्याच्या वहीत किंवा जनगणनेत नसून पॅरिशच्या पेटीतल्या दुसऱ्याच कागदांत असतो, आणि त्यामागचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. गरिबांना मदत करण्याची जबाबदारी पॅरिशवर होती आणि तिचा खर्च तिथल्याच घरमालक-शेतकऱ्यांकडून कर घेऊन भागवला जाई. तेव्हा मदत मागायला आलेला माणूस ‘आपला’ की ‘परका’, हा सरळ पैशांचा प्रश्न होता. १६६२ च्या कायद्याने त्याची चौकट घातली. प्रत्येकाचे कायद्याने मान्य असे एक ठिकाण असावे आणि तो मदतीला आला तर त्याला तिथेच परत धाडावे, असे ठरले. जन्म, वडिलांचे ठिकाण, स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याचे ठिकाण, धंदा शिकण्यासाठी केलेली उमेदवारी, किंवा अविवाहित असताना एका मालकाकडे सलग एक वर्ष केलेली नोकरी यांवर हा हक्क ठरे. पुष्कळ मालक गड्याला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवत, कारण बावन्नावा आठवडा भरला की तो माणूस कायमचा पॅरिशच्या गळ्यात पडे.

आजारपण, हात तुटणे, हिवाळ्यात काम थांबणे, नवरा मरणे यांपैकी काही घडून कोणी मदत मागितली, की त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करून त्याचे शपथेवर निवेदन घेतले जाई. मी अमुक गावी जन्मलो असे ऐकून आहे, बाराव्या वर्षी तमुक शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीने राहिलो, मजुरी इतकी होती, मग दुसऱ्याकडे गेलो, अमुक चर्चमध्ये लग्न केले, मुले इतकी, त्यांची वये अशी. ज्याला लिहिता येत नव्हते त्याच्या आयुष्याची ही हकीकत त्याच्याच शब्दांजवळ जाणारी असते. ती विचारणाऱ्यांना त्याच्या आयुष्याशी देणेघेणे नव्हते, त्याला कोणत्या गावाच्या माथी मारता येईल एवढेच पाहायचे होते. पण त्यासाठी त्याला जे प्रश्न विचारावे लागले, ते नेमके आज त्याच्या वंशजाला पडलेले प्रश्न आहेत. निकाल विरुद्ध गेला की पाठवणीचा हुकूम निघे आणि बायकामुलांसह त्याला दुसऱ्या गावी पोचवले जाई. अनौरस मूल जिथे जन्मेल तिथले मानले जाई, म्हणून दिवस भरत आलेल्या अविवाहित स्त्रीला हद्दीबाहेर काढण्याची घाई चाले. असे कागद वाचताना राग येतो, आणि यावा. १७९५ नंतर प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कोणाला हलवता येईनासे झाले, १८३४ च्या कायद्याने वर्षाच्या नोकरीवरचा हक्क बंद केला आणि १८४६ पासून पाच वर्षे एका जागी राहिलेल्याला तिथून काढता येणे थांबले. ही भीती मात्र मागे रेंगाळली, आणि तिची सावली जनगणनेच्या रकान्यावरही पडलेली दिसते. परक्या पॅरिशमध्ये जन्मल्याचे सांगितले तर पुढे अंगाशी येईल, या धास्तीने काही जण राहत्या गावालाच जन्मगाव सांगत.

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली. जन्माच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव आणि विवाहाच्या दाखल्यावर दोन्ही व्याह्यांची नावे व धंदे आले, हा मोठा लाभ होता. जन्म न नोंदवल्याबद्दल दंडाची तरतूद मात्र १८७५ पासून लागू झाली, त्यामुळे पहिल्या चाळीस वर्षांत गरीब वस्त्यांतली काही मुले निसटली आहेत.

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत आली, तरी पहिल्या चार वेळा सरकारला फक्त आकडे हवे होते. नावे १८४१ ला आली आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८५१ ला. १८५१ मध्ये देशातली शहरी लोकसंख्या प्रथमच निम्म्याच्या वर गेली होती आणि ती बाहेरून आलेल्यांनी फुगली होती, हे लक्षात घेतले की जन्मगावाचा रकाना त्याच वर्षी का रुंदावला ते उमगते. प्रगणक घरोघरचे तक्ते गोळा करून आपल्या वहीत उतरवत, आणि ते तक्ते पुढे नष्ट केले गेले. आपण वाचतो ती नक्कल असते. खेड्याचे नाव प्रगणकाने जसे ऐकले तसे लिहिलेले असते. आयरिश मजुरापुढे अनेकदा नुसते ‘आयर्लंड’ असते आणि तिथेच माग थांबतो. हे सर्व धरून एका माणसाची १८५१, १८६१, १८७१ आणि १८८१ ही चारही उत्तरे समोरासमोर मांडावी लागतात. एकदा जवळच्या मोठ्या शहराचे नाव, एकदा खेड्याचे, एकदा बायकोने अंदाजाने सांगितलेले असे ती फिरत राहतात, पण नकाशावर बहुधा एकाच टापूत पडतात. रॅव्हनस्टाइन या अभ्यासकाने १८७१ आणि १८८१ च्या जन्मस्थानांच्या तक्त्यांवरून १८८५ मध्ये दाखवून दिले, की स्थलांतर करणारे बहुसंख्य लोक थोड्याच अंतरावर जातात. तेव्हा शोधही आधी शेजारच्या पॅरिशमध्ये घ्यावा.

१९११ पासून घरच्या माणसाने स्वतः भरलेला तक्ताच जपून ठेवला गेला. त्यात विवाहित स्त्रीला झालेली मुले किती, हयात किती आणि गेलेली किती असे तीन आकडे आहेत. गिरणीच्या किंवा खाणीच्या वस्तीतला तो तिसरा आकडा वाचायला धैर्य लागते. १९२१ ची गणना कोळसा खाणकामगारांच्या संघर्षामुळे एप्रिलमधून १९ जूनवर गेली आणि तिने मालकाचे नावही विचारले. शंभर वर्षांच्या नियमानुसार ती जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ चे कागद डिसेंबर १९४२ मध्ये आगीत गेले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही.

या शोधाचा एक धागा आपल्याकडेही येतो. सैन्यातले शिपाई आणि १८५३ नंतर रेल्वेवर आणलेले इंजिनचालक व फिटर हे त्याच कष्टकरी घरांतले होते. भायखळा, पुणे, खडकी इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात आणि मुंबई इलाख्याची ती मालिका आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. इंग्लंडच्या जनगणनेत एखाद्या मुलापुढे जन्मस्थान म्हणून मुंबई दिसली, तर पुढचे पान तिथे शोधावे लागते. गिरणीत कामाला आलेल्या कोकणी माणसाच्या नातवंडांना मात्र असा रस्ता नाही. मुंबईच्या जुन्या जनगणनांच्या छापील तक्त्यांत रत्नागिरीत जन्मलेले किती हे मिळते, पण नावे मिळत नाहीत. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे व्यक्तींच्या नोंदी पाहायला खुल्या नाहीत. याची हळहळ मला वाटते.

जनगणनेतून गाव कळले तरी काम संपत नाही. त्या पॅरिशच्या वहीत दहा वर्षांच्या आत एकाच नावाचे तीन मुलगे निघतात, कारण जॉन, विल्यम, थॉमस ही नावे घरोघर होती. त्यातच आईबाप सरकारमान्य चर्चबाहेरच्या मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट पंथाचे असतील, तर बाप्तिस्म्याची (बॅप्टिस्ट अर्भकांना बाप्तिस्मा देत नसल्याने त्यांच्याकडे जन्माची) नोंद त्यांच्या प्रार्थनागृहाच्या वहीत आणि विवाह मात्र, १८३७ पूर्वी, सरकारमान्य चर्चमध्येच झालेला असतो. वय जुळते म्हणून पहिला दिसेल तो आपला धरण्याचा मोह इथे सर्वांत घातक ठरतो. अनुभवी माणूस अशा वेळी दफनाची वही उघडतो आणि त्या तिघांपैकी कोण लहानपणीच गेला ते आधी पाहतो. एक जण सात आठवड्यांचा असताना पुरलेला आढळतो, दुसरा तीन वर्षांचा असताना. आणि ज्याचे दफन तिथे सापडत नाही, त्याच्या बापाचा धंदा विवाहाच्या दाखल्यावरच्या धंद्याशी ताडून पाहायला घेतला जातो.