दीडशे डॉलरची टेप आणि त्यानंतर

१९८५ साली मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन आपला ईमॅक्स हा प्रोग्राम (संगणकावर मजकूर आणि कोड लिहायचं साधन) चुंबकीय टेपवर भरून मागेल त्याला पाठवत. एका टेपचे दीडशे डॉलर. एमआयटीतली नोकरी त्यांनी आदल्याच वर्षी सोडली होती, पोट भरायला काहीतरी हवं होतं. ज्याच्याकडे इंटरनेट होतं त्याला तोच ईमॅक्स फुकट उतरवून घेता येई. म्हणजे सॉफ्टवेअर सगळ्यांना वापरायला, बदलायला, वाटायला मुक्त असावं म्हणणाऱ्या या चळवळीला पैशाचं वावडं पहिल्यापासूनच नव्हतं. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने घोळ घातला. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन वेगळे शब्द आहेत, तेव्हा आपण तरी गफलत करू नये.

अशा सॉफ्टवेअरवर पैसे मिळवण्यातली खरी अडचण नियमात आहे. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ची, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे अशा सॉफ्टवेअरची, व्याख्या ठरली, तीत एक कलम स्पष्ट आहे: सॉफ्टवेअर कशासाठी वापरायचं यावर बंधन घालता येणार नाही, धंद्यासाठीसुद्धा नाही. त्यामुळे ‘कंपनी असाल तर पैसे भरा’ अशी अट घातली की तो परवाना ओपन सोर्स उरत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कंपनीने यातून वाट काढली ती दुहेरी परवान्याची. तुमचा कोडही खुला ठेवणार असाल तर फुकट घ्या, झाकून विकायचा असेल तर परवाना विकत घ्या. मला हा सौदा आजही सगळ्यांत सचोटीचा वाटतो.

पण फुकट वापरणारे स्वतःहून किती देतात? एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधला ‘हार्टब्लीड’ हा सुरक्षेचा दोष उघडकीला आला. वेबसाइटीशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या, जगभरच्या असंख्य वेबसाइटींचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएलला तोवर वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच. त्याच कुलपाच्या भरवशावर बँका आणि दुकानं कोट्यवधींचे व्यवहार करत होती. हे वाचून आजही संताप येतो.

पुढचं भांडण क्लाउडवाल्यांशी, म्हणजे इंटरनेटवरून संगणकसेवा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांशी झालं. दुसऱ्याचं खुलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं उचलून ते भाड्याने देऊ लागले. मग ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी याला आळा घालायला परवाने बदलले: मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशीकॉर्पने २०२३ मध्ये, रेडिसने मार्च २०२४ मध्ये. पैसे मागण्यात गैर काहीच नाही. पण बाहेरच्या लोकांनी ‘हे खुलं राहील’ या शब्दावर विसंबून आपला कोड दिला होता. तो घेतल्यावर शब्द फिरवणं मला पटत नाही. इलॅस्टिकने तर २०१८ मध्ये ‘जुन्या कोडचा परवाना कधीही बदलणार नाही’ असं लिहून दिलं होतं. कोड देणाऱ्यांनी सही केलेल्या करारांमुळे कंपनीला कायद्याने तसं करता येत असेल, पण विश्वास कराराच्या कागदावर नव्हता.

२०२४ मध्ये इलॅस्टिकने आणि २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल हा खुला परवाना पुन्हा देऊ केला. तोवर रेडिसच्या जुन्या, खुल्या कोडवर उभ्या राहिलेल्या व्हॅल्की या प्रकल्पाने लिनक्स फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या आसऱ्याला वेगळी चूल मांडली होती.