सीआयएनमध्ये (कंपनीच्या नोंदणी नंबरात) 62 नाही म्हणून आयटी कंपनी बोगस ठरत नाही

"सीआयएनमध्ये 62 नसेल तर ती सॉफ्टवेअर कंपनीच नाही, फ्रॉड आहे" असा मेसेज जॉब शोधणाऱ्यांच्या ग्रुपवर कित्येक वर्षं फिरतोय. लोक काळजीपोटीच पाठवतात, पण यामुळे एखादी चांगली ऑफर हातची जाऊ शकते.

सीआयएन म्हणजे कंपनीचा 21 अक्षरी नोंदणी नंबर. पहिलं अक्षर एल किंवा यू, म्हणजे शेअर बाजारात लिस्टेड की अनलिस्टेड, मग उद्योगाचे 5 आकडे (त्यातले पहिले दोन म्हणजे उद्योगाचा गट), पुढे राज्य, साल वगैरे. हे 5 आकडे सरकारी उद्योग वर्गीकरणातून येतात आणि ती यादीच बदलत आलीय, 2004 च्या यादीत सॉफ्टवेअर 72 मध्ये होतं, 2008 च्या यादीत प्रोग्रामिंग 62 ला गेलं, सॉफ्टवेअर पब्लिशिंग 58 ला, आणि 72 आता संशोधनाचा आहे. पण यादी बदलली म्हणून जुन्या कंपन्यांचे नंबर आपोआप बदलत नाहीत. देशातल्या एका अगदी नावाजलेल्या आयटी कंपनीचा कोड तर 85 ने सुरू होतो, जो 2004 च्या यादीत आरोग्यसेवेचा!

खात्री करायचीच असेल तर कंपनी नोंदणीच्या सरकारी साइटवर मास्टर डेटा, म्हणजे कंपनीची नोंदलेली मूळ माहिती काढा, स्टेटस अ‍ॅक्टिव्ह आहे का आणि पत्ता ऑफर लेटरशी जुळतो का ते बघा. आणि जॉइनिंगआधी डिपॉझिट मागितलं तर कोड 62 असला तरी पैसे भरू नका.