कालबोध

मधला वेळ किती गेला, तो भराभर सरला की रेंगाळला, याचे मनाला होणारे भान म्हणजे कालबोध. रंगासाठी डोळा आहे, आवाजासाठी कान आहे. वेळेसाठी वेगळे इंद्रिय नाही. लक्ष कशावर होते, काय काय घडले आणि त्यातले किती आठवते, यांवरून मन वेळेचा अंदाज बांधते. झोप-जागेचे चक्र सांभाळणारे जैविक घड्याळ ही यापेक्षा निराळी यंत्रणा आहे.

कार्ल फॉन फीरॉर्ट या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1868 मध्ये या विषयावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. थोडका अवधी माणसाला आहे त्यापेक्षा मोठा वाटतो आणि मोठा अवधी लहान, असे त्याला आढळले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये मांडलेला मुद्दा मात्र या विषयाचा गाभाच म्हणावा लागेल. भरगच्च अनुभवांचा काळ जाताना झटकन जातो, पण मागे वळून पाहता लांबलचक वाटतो. रिकाम्या काळाचे नेमके उलटे होते. म्हणजे मन वेळेचे दोन हिशेब ठेवते, एक चालू क्षणाचा आणि दुसरा आठवणीचा, आणि ते दोन्ही सहसा जुळत नाहीत. पहिल्या हिशेबात लक्षाला महत्त्व आहे. पातेल्याकडे टक लावून उभे राहिले की दूध तापता तापत नाही. तेवढ्यात कोणाशी बोलायला वळावे, तर ते उतू गेलेले असते.

दुसरा हिशेब किती फसू शकतो, हे मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूवैज्ञानिकाने स्वतःवर प्रयोग करून दाखवले. 16 जुलै 1962 रोजी तो आल्प्समधील स्कारासाँच्या हिमगुहेत एकटा उतरला. जवळ घड्याळ नव्हते आणि सूर्यप्रकाश पोहोचत नव्हता. उठताना, जेवताना, झोपताना तो वरच्या सहकाऱ्यांना दूरध्वनीने कळवायचा; त्यांनी मात्र त्याला वेळ सांगायची नाही, असे ठरले होते. एकदा सेकंदाला एक आकडा या हिशेबाने 120 पर्यंत मोजायला त्याला सुमारे पाच मिनिटे लागली. 14 सप्टेंबरला प्रयोग संपला, तेव्हा त्याच्या लेखी 20 ऑगस्टच उजाडला होता. एकसारख्या अंधारात वेगळे काही घडतच नव्हते, त्यामुळे पंचवीस दिवस त्याच्या गणतीतून निसटले.

अपघाताच्या क्षणी ‘सगळे संथ झाले’ असे अनेकजण सांगतात. ते खरे का, हे तपासण्यासाठी मेंदूवैज्ञानिक डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना 31 मीटर उंचीवरून खालच्या जाळीत पडू दिले. हा प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःचे पडणे प्रत्येकाला इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के लांब वाटले. पण मनगटावरच्या यंत्रातले वेगाने लुकलुकणारे आकडे त्यांना एरवीपेक्षा अधिक स्पष्ट वाचता आले नाहीत. त्या क्षणी डोळ्यांपुढचे जग संथ झालेले नव्हते. भीतीने आठवण दाट कोरली गेली आणि दाट आठवण मनाला लांब वाटली, असा अर्थ संशोधकांनी लावला.

एक भास मात्र कोणालाही घरबसल्या पाहता येतो. टकटक पुढे सरकणाऱ्या सेकंदकाट्याकडे एकदम नजर वळवली, की पहिला सेकंद अडकल्यासारखा वाटतो. नजर झेप घेत असताना दिसणे क्षणभर दबलेले असते. ती पोकळी मेंदू झेपेनंतर दिसलेल्या दृश्याने मागाहून भरून काढतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

शरीराचाही यात वाटा आहे. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हडसन होगलँड यांची पत्नी फ्लूने आजारी होती. ते औषध आणायला गेले आणि वीस मिनिटांत परतले, तरी फार उशीर केलात अशी तिची तक्रार. त्यांनी तिला मनाने सेकंद मोजायला लावले. ताप जितका जास्त, तितकी ती भराभर मोजे. हे निरीक्षण त्यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे मानसशास्त्रज्ञ मायकेल ट्राइझमन यांनी 1963 मध्ये ठोके देणारा एक घटक आणि ते मोजणारा दुसरा, अशी अंतर्गत घड्याळाची कल्पना मांडली.

वय वाढेल तशी वर्षे धावू लागतात, हा अनुभव सर्वांच्या ओळखीचा. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी 1877 मध्ये त्याचे साधे गणित मांडले: दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, पन्नाशीतल्या माणसाला पन्नासावा. हे गणित सुबक आहे, पण अपुरे वाटते. याच वेगाने वर्षे आखडत गेली असती, तर पन्नाशीतली कंटाळवाणी दुपारही चुटकीसरशी संपायला हवी होती. रोजच्या सवयीच्या गोष्टी वेगळ्या आठवणी मागे ठेवत नाहीत, हे जेम्स यांचे स्पष्टीकरण अधिक पटते.

मेंदूत वेळेचे एकच केंद्र सापडलेले नाही. बेसल गँग्लिया (मेंदूच्या आत खोलवर असलेले पेशीसमूह), अनुमस्तिष्क (मागचा लहान मेंदू) आणि डोपामिन हे रसायन यांचा संबंध मात्र दिसून आला आहे. पार्किन्सनच्या रुग्णांत डोपामिन कमी पडते आणि काही सेकंदांचा अंदाजही चुकतो. डोपामिन वाढवणारे औषध घेतल्यावर तो सुधारल्याचे प्रयोगांत आढळले आहे.