‘फिनिअस फिन’ आणि मिलेची वीस चित्रं

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलपच्या ‘फिनिअस फिन’ या राजकीय कादंबरीचा विषय निघाला की यातलं कुठलं पात्र म्हणजे डिझरेली आणि कुठलं ग्लॅडस्टन (दोघे तेव्हाचे बडे ब्रिटिश राजकारणी), हाच खल आधी सुरू होतो. १८६९ साली ती पुस्तकरूपात आली तेव्हाही तेच झालं. त्या गदारोळात चित्रकार जॉन एव्हरेट मिलेने तिच्यासाठी काढलेली वीस चित्रं बाजूला पडली. मला मात्र वाटतं, ही कादंबरी सगळ्यात आधी मिलेलाच कळली.

ट्रोलपने ती नोव्हेंबर १८६६ ते मे १८६७ या काळात लिहिली. ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाचं कामकाज नीट कळावं म्हणून सभापतींची परवानगी काढून तो दोनेक महिने प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसत असे. बाहेर मताधिकारावरून रान पेटलं होतं. मतदारांची संख्या वाढवणारा १८६७चा दुसरा सुधारणा कायदा त्यातूनच आला. ऑक्टोबर १८६७ ते मे १८६९ कादंबरी ‘सेंट पॉल्स’ मासिकात क्रमशः आली. संपादक स्वतः ट्रोलपच. इतकं करूनही मासिकाचा सरासरी खप दहा हजारांपर्यंत गेला नाही, असं त्यानेच आत्मचरित्रात नोंदवलंय.

लेखक-चित्रकाराची ही जोडी जुनी. ट्रोलपच्या आधीच्या ‘फ्रॅमली पार्सनेज’ या कादंबरीसाठी मिलेने तिची नायिका ल्युसी रॉबार्ट्स पलंगावर रडत पडलेली काढली, ती झालरीझालरींच्या घेरदार पोशाखात जवळजवळ बुडालेली. ट्रोलप भडकला, प्रकाशकाकडे तक्रार गेली. पुढे अगदी तसाच पोशाख प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याने तक्रार मागे घेतली. पात्रं एका कादंबरीतून दुसरीत नेताना मिलेच्या रेखाटनांमुळे ती आपल्या मनात कायमची ठसली होती, असं त्याने नंतर लिहिलं. लेखकाने चित्रकाराला दिलेली याहून मोठी दाद माझ्या वाचनात नाही.

‘फिनिअस फिन’साठी मिलेने सभागृहातल्या भाषणांपेक्षा खासगी भेटीगाठी आणि दोन माणसांमधलं अवघडलेपण रेखाटण्यावर भर दिला. एका चित्राखाली लेडी लॉराचं वाक्य आहे: तुम्ही माझे आणि माझ्या नवऱ्याचेही जिवलग मित्र राहावं, अशी माझी इच्छा आहे. हे ती कादंबरीचा नायक, तरुण खासदार फिनिअसला सांगते, ज्याचा तिच्यावर जीव आहे. लॉराचे चाळीस हजार पौंड भावाची कर्जं फेडण्यात गेले, म्हणून ती श्रीमंत केनेडीशी लग्न करते. पुढे तिच्याच वडिलांच्या मुठीतल्या लाउटन मतदारसंघातून फिनिअस निवडून येतो. म्हणजे त्या एका वाक्यात प्रेम, पैसा आणि खासदारकी तिन्ही गुंतलेली आहेत. कादंबरीतलं खरं राजकारण ते हेच.

टीकाकार मात्र पात्रांशी खऱ्या राजकारण्यांचे चेहरे जुळवत बसले. कादंबरीतला पुढारी टर्नबुल म्हणजे खऱ्या संसदेतला जॉन ब्राइटच, असा ठपका ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकाने ठेवला. ट्रोलपला पत्र लिहून जाहीर इन्कार करावा लागला. त्याआधी, कादंबरी छापून येत असतानाच, नोव्हेंबर १८६८मध्ये तो स्वतः बेव्हर्ली मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला होता. चार उमेदवारांत शेवटचा आला, दोन हजार पौंड गेले. लाचखोरीमुळे पुढे त्या मतदारसंघाचं प्रतिनिधित्वच काढून घेण्यात आलं.

पुढचा भाग ‘फिनिअस रीडक्स’ १८७३ साली ‘ग्राफिक’ या साप्ताहिकात सुरू झाला तेव्हा चित्रकार होता फ्रँक हॉल. याच मालिकेतल्या १८७६च्या ‘द प्राइम मिनिस्टर’ला तर चित्रंच नव्हती. तिच्यावरची ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाची टीका ट्रोलपला फार लागली. रशियात टॉलस्टॉयने मात्र त्याच कादंबरीला मनापासून दाद दिली.